तोल गेला की फिट आली

बालाजी, तू सकाळी मोरीत पडलास, हे नक्की आहे. डोक्याला मागच्या बाजूने मार लागला, आत रक्तस्राव झाला आणि तू शुद्धीवर न येता गेलास, हेही नक्की आहे. का पडलास, ते कुणाला सांगता येत नाही. तोल जाऊन पडलास, की आधी फिट आली आणि मग पडलास? दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हा प्रश्न एकदा विचारला. उत्तराने उपचारात काही फरक पडणार नव्हता, म्हणून पुन्हा विचारला नाही.

तुझ्याबद्दल छापायला द्यायचं ते मी दिलं. चाकणच्या कंपनीतला जुना कामगार, मूळचा लातूर जिल्ह्यातला, मागे पत्नी आणि मुलगी. चार ओळी झाल्या. हे लिहितो आहे ते त्या चार ओळींत न बसलेलं, आणि ते कुठे छापायला जाणार नाही. आमच्या कामात एक ठरलेलं वाक्य आहे : 'घटनेचे कारण समजू शकले नाही.' मी ते इतक्या वेळा लिहिलं आहे की हात आपोआप लिहितो. ते वाक्य ज्या घरात जाऊन पडतं, तिथे पुढे काय होतं, हे मला आत्ता कळतं आहे. तिथे कुणी सरळ बसत नाही. भांडं पडलं तरी सगळे उठून उभे राहतात.

आपली ओळख आपण दोघं भाड्याने राहायचो त्या भोसरीच्या खोलीतली. तू एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये हेल्पर होतास आणि मी एका दैनिकाच्या पिंपरीच्या कचेरीत नवा वार्ताहर. एका रविवारी सकाळी तू स्टोव्हवर पोहे परतत होतास आणि गावाकडच्या कुठल्यातरी लग्नाची गंमत सांगत होतास. वाक्य मध्येच थांबलं. मान एका बाजूला वळली, घशातून एक आवाज आला, आणि तू उभाच्या उभा मागे कोसळलास. हातपाय झटके देत होते. तोंडातून फेस येत होता. मी स्टोव्ह बंद केला आणि तुझ्या डोक्याखाली माझी उशी सरकवली. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी नुसता पाहत बसलो. माणूस आपल्यासमोर असून आपल्याला सापडत नाही, ही भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

तू शुद्धीवर आलास. पहिलं वाक्य स्वतःच्या तब्येतीबद्दल नव्हतं.

"दार उघडं होतं का रे?"

"लोटलेलं होतं."

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

मग स्टोव्हकडे बघून, "पोहे करपले असतील की."

त्या दिवशी तू मला बांधून घेतलंस. "तू पेपरवाला हायस. तुझ्या पोटात काय राहत न्हाई, मला माहिताय. पण एवढं ठेव. फिट येणाऱ्याला मशिनवर कोण उभं करंल? वॉचमन म्हणून बी घेणार न्हाईत." मी ठेवतो म्हणालो. पुढे तुझं लग्न झालं, तेव्हा हे वहिनींना कळलं. त्यांच्यापलीकडे फक्त मला माहीत होतं.

तू चाकणला लागलास तो पॉवर प्रेसवर. पत्र्याला एका दाबात आकार देणारं ते यंत्र मी तुझ्या कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमाच्या बातमीसाठी आलो तेव्हा पाहिलं. ते खाली आलं की पायाखालची फरशी हलायची. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हे काम सोड. काहीही कर, पण हे नको."

"का?"

"का म्हणजे? त्यात हात गेला तर?"

तू हसलास. "अरे येड्या, दोन बटनं असतेत. दोन्ही हात बटनावर असल्याबगर प्रेस खाली येतच न्हाई. फिट आली तर हात सुटतेल, प्रेस जागच्या जागी थांबंल. तुझ्या टू-व्हीलरपरीस माझी प्रेस सेफ हाय." बरीच वर्षं तुझं म्हणणं खरं ठरत राहिलं. गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू न चुकता घेत होतास. दिवाळीला गेलास की गोळ्या घेऊन यायचास, संपल्या की जुनी चिठ्ठी दाखवून इथल्या मेडिकलमधून आणायचास. फिट आली नाही. तू पुन्हा कधी डॉक्टरांकडे गेला नाहीस, कारण जाण्यासारखं काही घडत नव्हतं.

घडत होतं ते वेगळंच, आणि इतकं हळू की तुला आणि आम्हाला ते दिसलं तेव्हा बराच काळ गेला होता.

कंपनीत शॉप फ्लोअरवर चालायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे रंगवलेले असतात. कामगाराने त्या दोन पट्ट्यांच्या आत चालायचं. तुझे पाय पट्ट्याबाहेर पडायला लागले. तू ते मला विनोद म्हणून सांगितलंस. "आज सुपरवायझर म्हणला, काय राव बालाजी, पट्टा तुला दिसंना का पट्ट्याला तू दिसंनास?" मी हसलो. पुढच्या वेळी तू सांगितलंस, गेटवर तुला नळीत फुंकायला लावलं. "मशीन म्हणली झिरो. सिक्युरिटीवाला मशीनच झटकायला लागला. परत फुंक म्हणला. परत झिरो. लई नाराज झाला बिचारा." आपण दोघंही हसलो. तू आयुष्यात दारूला हात लावला नव्हतास.

मग हसणं कमी झालं. तू पाय फाकवून चालायला लागलास, चालत्या पीएमपी बसमध्ये दांडी न धरता उभा असलेला माणूस चालेल तसा. पाण्याचा पेला उचलताना हात आधी पुढे जायचा, मग मागे यायचा, मग पेला सापडायचा. बोलणं जड झालं. शर्टाची बटणं वहिनी लावून देऊ लागल्या. जिन्यावर तू प्रत्येक पायरीकडे बघायचास आणि पायरी तिथेच आहे याची खात्री झाल्यावरच पाय टाकायचास. मी मागून येत असलो की माझे हात नकळत पुढे व्हायचे. एकदा तू वळून म्हणालास, "हात खाली घे. मला तुझ्याच हाताची भीती वाटायली." एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना तू रस्त्यावर पडलास. दुसऱ्या दिवशी तुला सांगण्यात आलं : मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून या, मशिनवर उभं राहायला हरकत नाही असं लिहून आणा, मग कामावर या.

तुझं सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं होतं. मला सोबत चल म्हणालास, म्हणून मी आलो.

चिंचवडमधल्या त्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तुला फरशीच्या सांध्यावरून चालायला सांगितलं, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत. दुसऱ्या पावलालाच तू भिंत धरलीस. मग स्वतःच्या नाकाला बोट लावून ते त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं. तुझं बोट जवळ येईल तसं जास्त थरथरत होतं आणि त्यांच्या बोटाच्या बाजूने निघून जात होतं. पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटायच्या आधीच तू डोलायला लागलास. त्यांनी डोळ्यांपुढे पेन डावीउजवीकडे फिरवलं. तुझी बुबुळं कडेला गेली की हिसके देत परत यायची. मी ते पाहिलं. तुला ते माहीत नव्हतं.

"काय झालंय मॅडम?" तू विचारलंस.

तोल शरीरात कुठल्या एका जागी नसतो, असं त्या म्हणाल्या. कानाच्या आतला भाग, डोळे, तळपायापासून पाठीच्या कण्यातून वर जाणारी जाणीव, आणि या सगळ्यांचा मेळ घालणारा, डोक्याच्या मागे खाली असलेला लहान मेंदू. यातलं काहीही बिघडलं तरी माणूस डगमगतो. पायांची जाणीव गेलेला माणूस डोळे मिटले की पडतो, कारण तोवर तो डोळ्यांनी सांभाळत असतो. तू डोळे उघडे असूनही डोलत होतास. हात चुकत होता, बोलणं जड होतं. म्हणजे त्यांना लहान मेंदूची शंका होती.

"कशानं होतं ते?"

त्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. त्या शांतपणे सांगत होत्या आणि मी सवयीने मनात उतरवून घेत होतो. तिथला रक्तपुरवठा थांबणं. गाठ. वर्षानुवर्षांची दारू. बी-बारा या जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड. कारखान्यातल्या रंगांची आणि पातळ करायच्या द्रवांची वाफ. काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या उतरणारा आजार. 'गाठ' ऐकून तू हलला नाहीस. पिढ्यांचं ऐकलंस तेव्हा खुर्ची पुढे ओढलीस.

"म्हणजे माझ्या लेकीला येईल?"

"आत्ताच काही म्हणू नका. तुमच्या वडिलांना, आजोबांना असं काही?"

"न्हाई. वडील ऐंशीपर्यंत शेतात चालत होते."

"मग आणखी एक कारण राहिलं. औषधं." त्यांनी तोंड उघडायला सांगितलं. छोटी बॅटरी लावून त्या बराच वेळ पाहत होत्या. तुझ्या हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. आम्ही ते कित्येक दिवस पाहत होतो आणि दातांचा त्रास समजत होतो. "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"कुठल्याच न्हाईत मॅडम."

"बीपीच्या? झटक्यांच्या? फिटच्या?"

"न्हाई."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्या त्या नजरेत काय होतं, हे मी इथे सजवून लिहिणार नाही. तू घाबरला होतास. मीही. फक्त आपल्या दोघांची भीती वेगवेगळी होती. तू प्रेस जाईल म्हणून घाबरला होतास. मी तू जाशील म्हणून.

मी म्हणालो, "मॅडम, याला फिट येत होत्या. गोळ्या चालू आहेत. खूप वर्षांपासून."

बाईंनी तुला रागावून काही म्हटलं नाही. किती घेता, कधी घेता, एवढंच विचारलं. तू खाली बघून सांगत गेलास, आणि मला जे माहीत नव्हतं तेही तेव्हा कळलं. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जागरण झालं की फिट येते. म्हणून ज्या आठवड्यात नाइट असेल, त्या आठवड्यात तू कामावर जाण्याआधी एक गोळी जास्तीची घेत होतास. मग पाळी बदलून दिवसा झोपायची सवय मोडायची, तेव्हाही झोप नीट व्हायची नाही, म्हणून सेकंड शिफ्टलाही एक. पुढे फर्स्टलाही, कारण पहाटे उठावं लागतं. तीनही पाळ्यांना कारण होतं. कुणी सांगितलं नव्हतं. भीती वाटली की एक गोळी, असा तो हिशेब होता.

बाई म्हणाल्या, "तुमच्या या गोळीचं असं आहे, शरीर ती ठरावीक वेगानेच बाहेर टाकतं. तेवढी मर्यादा भरली की पुढे एक गोळी वाढवली तरी रक्तातलं प्रमाण कितीतरी चढतं. मग तीच गोळी लहान मेंदूला त्रास देते. थोड्या दिवसांत कळलं तर सगळं परत येतं. वर्षानुवर्षं चाललं तर तिथल्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत."

रक्ताची तपासणी झाली, मेंदूचा फोटो निघाला. दोन्हींत त्यांनी म्हटलं तेच आलं. लहान मेंदू आक्रसला होता. ती गोळी हळूहळू कमी करायची, जोडीला दुसरी सुरू करायची, असं ठरलं. घराण्यातला आजार नव्हता, तुझी लेक सुटली. आणि बाईंनी कागदावर लिहिलं : यंत्रावर नको, उंचीवर नको, रात्रपाळी नको.

बाहेर आल्यावर तू कठडा धरून उभा राहिलास. "पेपरवाला तो पेपरवालाच," म्हणालास.

"बालाजी, प्रेसमध्ये हात गेला असता."

"गेला असता. माझा गेला असता."

"आणि गाठ समजून डोकं उघडलं असतं म्हणजे?"

"तुला कारण पायजे होतं. मला काम पायजे होतं. तुझं तुला मिळालं." तू शेअर रिक्षा थांबवलीस, आत बसताना दोनदा चुकलास, आणि मी पुढे केलेला हात धरला नाहीस. तो वाद तिथेच राहिला. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की मी सांगितलं ते योग्य होतं. तुलाही कदाचित ते पटलं असेल. पटणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कंपनीने काढलं नाही. पॅकिंगला बसवलं, दिवसाच्या पाळीला, पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला. तू अनेक महिने माझा फोन घेतला नाहीस. वहिनी घ्यायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या, "चालणं बरं हाय भाऊजी. बोलणं पण सुधरलंय. पण गप्प गप्प असतेत."

मग एका रविवारी तूच फोन केलास. "निगडीच्या स्टँडवर ये." मी राहतो तिथून स्टँड जवळ आहे, तरी मी गाडी काढून आलो. तू बसमधून एकटा उतरत होतास. दांडी धरून, एक पाय, मग दुसरा. मी धावलो.

"हात नको. मागं चाल."

निगडी प्राधिकरण या वसाहतीतल्या रुंद, झाडांच्या रस्त्याने तू पुढे आणि मी मागे असे आपण चाललो. पाय अजून थोडे फाकलेले होते, पण रेषा बरीच सरळ होती. मला ती चाल पाहून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक उखडलेल्या पेव्हर ब्लॉकला माझे हात पुढे व्हायचे आणि मी ते मागे घ्यायचो.

तू मागे न बघता विचारलंस, "भ्यायलास का?"

"हो."

"मी बी." मग थोडं चालून, "गोळी जास्त होती तवा पाय पडत होते, पण डोकं शांत होतं. म्हणायचो, आज काय फिट येत न्हाई. आता पाय बरे झाले आन् डोक्यात सारखं तेच. मोरीत गेलो की तेच, रस्त्यावर तेच. आता येईल का, इथं येईल का. ह्यातलं कुठलं बरं, सांग की. तुला सगळं माहिती असतंय."

मी म्हणालो, पाय बरे असणं बरं. तू म्हणालास, "तुझं काय जातंय." घरी येऊन तू जेवलास, लेकीच्या नर्सिंगच्या परीक्षेचं सांगितलंस, माझ्या टेबलावरच्या अंकातली एक चूक काढलीस. निघताना चपला घालताना खाली बघत म्हणालास, "त्या दिवशी तू मॅडमला बोललास ते..." आणि थांबलास. "जाऊ दे. बस निघून जाईल." ते वाक्य तू पुरं केलं नाहीस. त्याचा शेवट कसा होता, हे मी अनेक प्रकारे लिहून पाहिलं आहे. कुठल्याही प्रकाराला दुजोरा नाही.

त्यानंतर आपण पूर्वीसारखे बोलू लागलो. तेवढ्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. तू रागावलेला असताना गेला असतास, तर मला हे लिहिता आलं नसतं.

त्या सकाळी तू कामावर निघायच्या आधी अंघोळीला गेलास. वहिनी स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करत होत्या. मिक्सर बंद झाला तेव्हा पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. हाक मारली, उत्तर नाही. शेजाऱ्यांनी कडी तोडली. झटके आले होते का, हे कुणी पाहिलं नाही आणि मिक्सरमुळे कुणी ऐकलं नाही. फिट आली की जीभ चावली जाते, म्हणून डॉक्टरांनी तोंड पाहिलं. पडताना तोंड नळावर आदळून तुझा दात तुटला होता, ओठ फाटला होता आणि तोंडभर रक्त होतं. त्यातून काही सांगता आलं नाही. रक्तातलं गोळीचं प्रमाण त्या धावपळीत तपासलं गेलं नाही. मी विचारलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

मी दोन वाक्यं तयार केली. पहिलं : फिट आली असेल, तर गोळी कमी केल्यामुळे आली, आणि गोळी कमी झाली ती मी डॉक्टरांना सांगितल्यामुळे. दुसरं : तोल गेला असेल, तर लहान मेंदू आधीच खराब झाल्यामुळे गेला, आणि तो खराब झाला तू गोळ्या वाढवत गेल्यामुळे. पहिल्या वाक्याच्या शेवटी मी आहे. दुसऱ्याच्या शेवटी तू. तुझ्या तेराव्यापर्यंत मी मनातल्या मनात दुसरं वाक्य खरं असू दे म्हणत होतो. जिवंत माणूस एवढा भित्रा असतो.

तेरावा झाला. पाहुणे गावी परतले. तुझी लेक परीक्षेसाठी लातूरला गेली. परवा दुपारी मी भोसरीला वहिनींकडे गेलो. त्यांनी चहा केला. समोर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. तुम्ही पेपरात आहात. डॉक्टरांशी बोलणं तुम्हाला जमतं. ह्यांचा तोल गेला होता का फिट आली होती?"

मी तोंड उघडायच्या आत त्या पुढे बोलू लागल्या. दिवाळीनंतर एकदा झोपेत तुझ्या हाताला झटका बसला. स्वप्न होतं की फिट, त्यांना कळलं नाही. त्यांनी तुला उठवलं नाही आणि सांगितलंही नाही. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटं उरली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या तुला एक गोळी जास्तीची द्यायला लागल्या. "ह्यांना म्हणले, मॅडमना फोन केला होता, त्यांनीच वाढवली. ह्यांनी विश्वास ठेवला. मॅडमना फोन केलाच न्हवता." त्यांनी पदराला आणखी एक वेढा दिला. "नंतर म्हणायले, पाय पुन्हा जड पडायलेत गं. मी म्हणले, थंडी हाय, त्यामुळं असंल. भाऊजी, मला फिटची लई भीती वाटते. मी एकदाच बघितली होती. त्या गोळीनं तर न्हाई ना पडले?"

बालाजी, तू वीस वर्षं भिऊन जे केलंस, तेच त्यांनी केलं. तुझी भीती तू जाताना नेली नव्हतीस, आधीच घरात वाटून टाकली होतीस. आणि माझ्या दोन वाक्यांतलं एक बदललं होतं. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी आता तू नव्हतास. वहिनी होत्या.

जे समोर होतं, ते सगळं दुसऱ्या वाक्याकडे जात होतं. गोळी वाढलेली. पाय पुन्हा जड झालेले. मोरीतली ओली फरशी.

"फिट आली होती, वहिनी," मी म्हणालो.

"कशावरून?"

हा प्रश्न मी रोज कचेरीतल्या नवीन वार्ताहरांना विचारतो. मी म्हणालो, "तोल जाणारा माणूस पडताना हात टाकतो, काहीतरी धरायला बघतो. त्याच्या हाताला, कोपराला कुठे काही लागलं नव्हतं. शुद्ध आधी गेली होती. नंतर पडला." असं उत्तर मला कुणी आणून दिलं असतं, तर मी ते छापलं नसतं. लागलं नव्हतं एवढं खरं होतं. त्यातून काढलेलं बाकी सगळं माझं होतं.

वहिनी ऐकत होत्या. त्यांचे खांदे खाली आले. पदर बोटातून सुटला. मग त्यांनी हळूहळू पुढचा विचार केला. तो त्या करणार हे मला माहीत होतं.

"म्हणजे मॅडमनी गोळी कमी केली, म्हणून?"

"हो."

"मी एक वाढवली, ती पुरली न्हाई."

"नाही पुरली."

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी मॅडमना सांगितलं, म्हणून."

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला, आत नेऊन ठेवला आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, काही दिवस येऊ नका."

मी बरं म्हणालो. चपला घातल्या आणि उतरलो.

मी त्यांना सांगितलं ते मला खोटं वाटतं, बालाजी. ते खरं असेल, याची मला भीती वाटते. आणि ते खोटं असेल, तर ते खोटं आहे हे कधीतरी कुणीतरी त्यांना पटवून देईल, याची त्याहून जास्त.